एडिटमधून आलेली एएएफ साउंडमध्ये नीट उघडत नाही? कुठून कुठून तपासायचं

एएएफ म्हणजे एडिटची टाइमलाइन साउंडच्या सॉफ्टवेअरकडे नेणारी फाइल. आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या स्क्रीनवर दिसत असेल तर पुढचं वाचा.

– फाइल उघडते, क्लिपा जागच्या जागी दिसतात, पण वेव्हफॉर्म नाही. प्ले केलं की शांतता.
– निम्म्या क्लिपा आहेत, निम्म्या नाहीत. नेमका दोन-तीन कॅमेऱ्यांवर शूट केलेला सीन गायब.
– पहिल्या संवादापासूनच ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि शेवटपर्यंत फरक तेवढाच राहतो.
– सुरुवात चोख, पण दहाव्या मिनिटाला आवाज मागे पडलेला.
– आवाजाची पट्टीच बदललीय. सगळे जरा घाईत आणि बारीक आवाजात बोलतायत.
– क्लिपचं टोक ओढून पाहावं तर पुढे-मागे काहीच नाही.
– एडिटरने लावलेले लेव्हल्स गेलेत.
– फाइल उघडतच नाही.

मी पुण्यात डायलॉग एडिटिंग करते. फीचर, शॉर्टफिल्म, अधूनमधून वेब सिरीज. कामाचा पहिला दिवस बहुतेक वेळा यातच जातो, आणि तिकडून असिस्टंटचा फोन ठरलेला असतो, "ताई, आमच्याकडे तर बरोबर वाजतंय." तो खोटं बोलत नसतो. एडिटच्या मशीनवर आख्खं घर लावलेलं असतं. एएएफ म्हणजे घर बदलताना केलेली सामानाची यादी: कुठल्या फाइलचा कुठला तुकडा, कुठल्या ट्रॅकवर, कितव्या फ्रेमला. यादीबरोबर टेंपोत सामान चढलं का, आणि यादी कोणत्या मापात लिहिलीय, यावर सगळं अवलंबून. म्हणून माझा अंदाज असा, की दहातल्या आठ वेळा दोष साउंडच्या सॉफ्टवेअरमध्ये नसतोच, एक्स्पोर्टच्या वेळच्या टाइमलाइनमध्ये असतो.

एक गोष्ट सुरू करण्याआधीच: क्लिप हाताने सरकवून सिंक जुळवायला बसू नका. एक सीन जुळेल, पुढचा बिघडेल, आणि आपण किती सरकवलं याची नोंदही राहणार नाही. दोष सापडेपर्यंत सेशनला, म्हणजे साउंडच्या सॉफ्टवेअरमधल्या आपल्या प्रोजेक्टला, हात नाही.

फुकटातली तपासणी: फाइलचा आकार

क्लिपा दिसतात पण आवाज नाही, तर फोल्डर उघडा आणि एएएफचा आकार बघा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक मोनो ट्रॅक म्हणजे मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. वीस मिनिटांच्या रिळात (सिनेमाच्या एका भागात) एकच ट्रॅक भरलेला असला तरी १७० एमबीच्या पुढे जायला हवं. एएएफ तीन एमबीची असेल तर तिच्यात आवाज नाही, नुसती यादी आहे. आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये असायला हवा, आणि तो फोल्डर पाठवायचा राहून गेलाय.

फोल्डर आलाय पण अर्धाच? गूगल ड्राइव्हवरून मोठा फोल्डर उतरवला की तो चार-पाच झिपमध्ये तुटून येतो. एखादी झिप राहिली, की त्यातल्या क्लिपा रिकाम्या. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या फोनवर जुळवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

फाइली आहेत पण सॉफ्टवेअरला सापडत नाहीत, तर रीलिंक करायचं, म्हणजे क्लिपा पुन्हा फाइलींशी जोडायच्या. इथे सांभाळून. नुसत्या नावावरून रीलिंक करू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये कार्ड बदललं की फाइलींची नावं पुन्हा सी०००१ पासून सुरू होऊ शकतात. बारा दिवसांच्या शूटमध्ये सी०००१ नावाच्या बारा फाइली असू शकतात, आणि सॉफ्टवेअर त्यातली पहिली दिसेल ती उचलतं. माझ्याकडे एकदा वाड्याच्या ओसरीवरचा सीन होता. आई मुलाला घराबाहेर काढते, एकदम तंग प्रसंग. रीलिंक झालं, प्ले केलं, आणि आईच्या तोंडून असिस्टंट डायरेक्टरचा आवाज आला, "लंच ब्रेक, लंच ब्रेक, गाडी काढा रे." आम्ही हसलो, पण तो सीन सापडला कारण चूक ढळढळीत होती. त्याच सीनचा दुसरा टेक लागला असता तर मिक्सपर्यंत कुणाला कळलं नसतं. रीलिंक करताना नावाबरोबर फाइलची लांबी आणि टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा प्रत्येक फ्रेमचा पत्ता) जुळतो का, हा पर्याय लावून ठेवा.

आणि फाइलींची नावं देवनागरीत ठेवू नका. मलाही आवडत नाही हे सांगायला. पण 'दृश्य १२ – आजी / अंगण' असं नाव एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना चौकोन-चौकोन होऊन आलेलं मी पाहिलंय, आणि ती तिरकी रेघ तर मॅक आणि विंडोज दोन्हीकडे फोल्डरची वाट दाखवायची खूण आहे. रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर. बस.

सुरुवातीचा टाइमकोड

फरक सुरुवातीपासून आहे आणि शेवटपर्यंत तेवढाच आहे, तर जीव भांड्यात पडू द्या, हा सगळ्यात सोपा दोष. एडिटची टाइमलाइन शून्य तासावर सुरू होते आणि तुमचं सेशन ०१:००:००:०० वर, किंवा उलट. दोन्हीकडची सुरुवात एकच करा, आणि आयात करताना मूळ टाइमकोड कायम ठेवायचा पर्याय निवडा.

टूपॉप, म्हणजे चित्राच्या दोन सेकंद आधीचा खुणेचा आवाज, असेल तर हे एका नजरेत कळतं. चित्र ०१:००:००:०० ला सुरू होत असेल तर ००:५९:५८:०० ला एक फ्रेमभर टूं. तो व्हिडिओत आणि एएएफमध्ये, दोन्हीकडे हवा. रिळाच्या शेवटीही एक मागून घ्या. सुरुवातीचा पॉप जुळतो आणि शेवटचा जुळत नाही, एवढ्या एका गोष्टीवरून अर्धं निदान होतं.

फक्त एका फ्रेमचा फरक दिसतोय? मग व्हिडिओचा आवाज कशात दाबलाय (कॉम्प्रेस केलाय) ते बघा. एएसी एन्कोडर सुरुवातीला थोडी रिकामी जागा टाकतो, बऱ्याचदा २११२ सॅम्पल, म्हणजे ४४ मिलिसेकंद. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने एक फ्रेम आणि वर थोडं. बरेचसे प्लेअर ते कापून टाकतात, सगळे नाही. गाइड ट्रॅक, म्हणजे व्हिडिओबरोबर येणारा एडिटचा आवाज, न दाबलेल्या पीसीएममध्ये मागवा. सेशन बिनचूक असताना लोक त्या एका फ्रेमपायी सगळं सरकवून बसलेले मी पाहिलेत.

फ्रेमरेट: खरा गुन्हेगार बहुधा इथेच

सुरुवात जुळते आणि पुढे घसरत जाते, तर घसरण मोजा. डोळ्यांनी नाही, आकड्याने. बरोबर दहाव्या मिनिटाजवळची एक टाळी, दार आपटणं, 'प' किंवा 'ब'वर मिटणारे ओठ, असलं काही शोधा आणि किती फरक आहे ते लिहून ठेवा.

दहा मिनिटांत ०.६ सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा-पंधरा फ्रेम: कुठेतरी २४ आणि २३.९७६ यांची गल्लत. हा फरक हजारात एकाचा, तासाला ३.६ सेकंद.

दहा मिनिटांत २४ सेकंद: २४ आणि २५ ची गल्लत. हे लपत नाही, दुसऱ्याच संवादाला कळतं.

फरक कधी चार फ्रेम, कधी दोन, मध्येच शून्य: फ्रेमरेट नाही, पुढे मोबाइलचा भाग बघा.

२३.९७६ चा घोळ एवढा का होतो, तर बोलताना सगळेच 'चोवीस' म्हणतात. कॅमेऱ्याच्या मेन्यूत अनेकदा २४पी लिहिलेलं असतं आणि आत रेकॉर्ड होतं २३.९७६. एडिटरला विचारलं की तोही म्हणतो, चोवीसवरच आहे. म्हणून मी विचारतच नाही. टाइमलाइनच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट मागते. मग व्हिडिओ फाइल मीडियाइन्फो या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये टाकून तिचा खरा रेट बघते, आणि शेवटी माझं सेशन. तीन आकडे, तिन्ही सारखे हवेत. वेगळा निघाला तो दोषी. बहुतेक वेळा तो व्हिडिओ असतो: टाइमलाइन २३.९७६ वर, आणि एक्स्पोर्ट करताना कुणीतरी २४ निवडलेलं. मग एएएफ ठीक असते, नुसता व्हिडिओ पुन्हा मागवायचा.

टीव्हीच्या कामाला २५, सिनेमाला २४, हे आपल्याकडचं साधं गणित. पण अमेरिकेतल्या मंडळाच्या नाटकाचं रेकॉर्डिंग हातात आलं तर २९.९७ शी गाठ पडते, आणि तिथे ड्रॉप-फ्रेम नावाची आणखी एक भानगड. ड्रॉपमध्ये फ्रेम गळत नाहीत, आकडे गळतात: दर मिनिटाला दोन, दहावं मिनिट सोडून, तासाला १०८. एकीकडे ड्रॉप आणि दुसरीकडे नॉन-ड्रॉप असेल तर आकडे तासाला ३.६ सेकंदांनी फाकतात. हा आकडा वरच्या २३.९७६ च्या घोळातलाच, म्हणून गफलत होते. तपासायची खूण सोपी: बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉप-फ्रेम असेल तर फ्रेमच्या आकड्याआधी अपूर्णविरामाऐवजी अर्धविराम दिसतो.

सॅम्पल रेट

पट्टी बदललीय तर फ्रेमरेटच्या मागे लागू नका, सॅम्पल रेट बघा. संगीतकाराकडून गाणं ४४.१ किलोहर्ट्झवर आलं आणि ४८ च्या सेशनमध्ये रूपांतर न होता बसलं, तर चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतं आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने (सेमीटोनने) चढते. काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन उभं राहतं, जिथे पेटीवर पट्टीच नाही. उलट झालं तर तेच गाणं चार मिनिटं एकवीस सेकंदांचं.

उपाय: सेशन पहिल्यापासून ४८ वर बनवा आणि आयात करताना 'सेशनच्या रेटमध्ये बदला' हा पर्याय चालू ठेवा. फाइल चालू सेशनमध्ये नुसती ओढून टाकू नका.

मोबाइलवर शूट केलेलं काही आहे का?

हा प्रश्न मी आता आधीच विचारते. मोबाइल बहुधा ठरावीक फ्रेमरेटवर शूट करत नाही, उजेडाप्रमाणे आणि मशीन किती दमलंय त्याप्रमाणे कमी-जास्त करतो. स्क्रीन रेकॉर्डिंगचंही तेच. एडिटचं सॉफ्टवेअर ते आपल्या परीने सांभाळून घेतं, एएएफमध्ये मात्र ती सांभाळणी येत नाही. मीडियाइन्फोमध्ये फ्रेमरेट मोडसमोर 'व्हेरिएबल' दिसलं की तेच. मूळ फाइल हँडब्रेकमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून टाइमलाइनमध्ये बदलावी लागते. हे एडिट सुरू होण्याआधी झालं असतं तर दहा मिनिटांचं काम, लॉकनंतर (एडिट पक्कं झाल्यावर) एक आख्खा दिवस. इथून पुढची प्रत्येक तपासणी दुसऱ्याचा वेळ खाते, म्हणूनच ती खाली ठेवलीय.

एडिटरला पुन्हा एक्स्पोर्ट करायला लावायचं असेल तर

सीन गायब असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सीक्वेन्समध्ये सीक्वेन्स (नेस्ट, म्हणजे टाइमलाइनच्या आत टाइमलाइन), आणि मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचे शॉट एकत्र बांधलेली क्लिप). एएएफच्या यादीत 'हा एक बंद खोका' एवढंच लिहिलं जातं, आत काय ते नाही. वेग बदललेल्या क्लिपा, उलट्या चालवलेल्या क्लिपा यांचंही धड काही येत नाही. प्लगइन तर नाहीच.

एकेका दोषासाठी एकेक फोन केलात तर चौथ्या फोनला समोरचा उचलत नाही. मी एकच मेसेज पाठवते, तो असा:

"सीक्वेन्सची कॉपी करून त्यावरच काम करा, मूळ तशीच ठेवा. मल्टिकॅम आणि नेस्ट सपाट करा. वेग बदललेल्या क्लिपा रेंडर करून त्या जागी बसवा, मूळ आवाज खालच्या मोकळ्या ट्रॅकवर ठेवा. बंद केलेले ट्रॅक आणि क्लिपा काढा. संवाद, इफेक्ट्स, संगीत वेगळ्या ट्रॅकवर. एएएफ, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ब्रॉडकास्ट वेव्ह, फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये. व्हिडिओ इफेक्ट नको, ऑडिओ इफेक्ट रेंडर करू नका. हँडल १२० फ्रेम. व्हिडिओवर टाइमकोड छापलेला, त्याचा आवाज पीसीएम."

हँडल म्हणजे क्लिपच्या दोन्ही टोकांना राखलेला जादा आवाज; १२० फ्रेम म्हणजे २४ वर पाच सेकंद. काही लोकांना हे जास्त वाटतं. पण कापलेल्या संवादाच्या मागेपुढे जो रिकामा आवाज असतो, पंख्याची घरघर, लांबची रिक्षा, नटाने बोलण्याआधी घेतलेला श्वास, त्यावरच माझं सगळं काम चालतं. हँडल शून्य असेल तर दोन शॉटमधली जागा भरायला माझ्याकडे काहीच नसतं, आणि मग प्रत्येक कटला खोली बदलल्यासारखी ऐकू येते.

लेव्हल्स गेलेत? आधी आयातीच्या खिडकीत व्हॉल्यूमचं काय करायचं ते नीट वाचा, तिथे 'दुर्लक्ष करा' निवडलेलं असण्याचीच शक्यता जास्त. एडिटरने क्लिपवर न लावता ट्रॅकच्या मिक्सरवर किंवा प्लगइनमधून लेव्हल लावली असेल तर ती येणारच नाही. गाइड ट्रॅक ऐकून लावा, वाद घालू नका. डावीकडे बूम (काठीवरचा माइक) आणि उजवीकडे लेपल (कपड्यावरचा माइक) असलेली स्टीरिओ क्लिप आली तर तिचे दोन मोनो करून घ्या. आणि लेपलचा चॅनल हरवलाच असेल, तर एक्स्पोर्ट मोनोत फोडून पुन्हा मागवा.

फाइल उघडतच नाही

ओएमएफ (एएएफच्या आधीचा जुना प्रकार) असेल तर दोन जीबीच्या वर ती जातच नाही. एएएफ मागा, किंवा रिळं पाडा. तुमचं सॉफ्टवेअर ही फाइल वाचतं का, तेही बघा: रीपर स्वतःहून एएएफ उघडत नाही, मध्ये एएट्रान्सलेटरसारखा प्रोग्रॅम लागतो. फायनल कट प्रो स्वतः एएएफ देत नाही, तिथून एक्सएमएल काढून एक्सटूप्रोमधून न्यावं लागतं. आणि एडिटरचा प्रोजेक्ट डाविंची रिझॉल्व्हमध्ये असेल तर डिलिव्हर पानावर प्रो टूल्ससाठीचा तयार प्रीसेट आहे, तोच वापरायला सांगा.

सगळं बरोबर असून उघडत नसेल तर एखादी क्लिप खराब आहे. ती शोधायची युक्ती विहिरीत पडलेली बादली काढण्याइतकी जुनी, चाचपडत जायची: टाइमलाइनचा पहिला अर्धा एक्स्पोर्ट करायला सांगा. उघडला, तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. त्याचा पुन्हा अर्धा. दीड हजार क्लिपा असल्या तरी अकरा फेऱ्यांत नेमकी क्लिप हाताशी येते. माझ्याकडे एकदा ती एका एमपीथ्री कोंबड्याची निघाली होती. नेटवरून उतरवलेली, फाइल अर्धवट.

दुरुस्त झालं हे कसं ओळखायचं

गाइड ट्रॅक आणि आयात केलेला संवाद सारख्या लेव्हलला एकत्र वाजवा. आवाज पाइपमधून आल्यासारखा पोकळ वाटला तर फरक काही मिलिसेकंदांचा आहे, चालेल. घुमल्यासारखा दोनदा ऐकू आला तर अजून फ्रेम हुकतायत. मग गाइडचा फेज उलटा करा. जिथे आवाज जवळजवळ नाहीसा होतो, तिथे सिंक सॅम्पलपर्यंत बरोबर. सुरुवात, मध्य, शेवट, तीन ठिकाणी बघा. एका ठिकाणी बघून पुढे जाणं म्हणजे शिताऐवजी झाकणावरून भाताची परीक्षा.

कुठे थांबायचं

लोकेशन रेकॉर्डिस्टच्या मूळ आठ-आठ ट्रॅकच्या फाइलींशी एएएफ जोडायची असेल, आणि एडिटच्या आधी कुणी सिंक करताना नव्या फाइली बनवून मूळ टाइमकोड पुसून टाकला असेल, तर हे रात्री जागून सुटणारं काम नाही. शूटवर रेकॉर्डर २४ वर आणि कॅमेरा २३.९७६ वर होता असं निघालं, तर तिथेही थांबा. एक रीळ जुळवाल, पण कुठला आवाज कुणी, कुठे, कितीने ओढला याचा हिशेब एका माणसाकडेच हवा. ज्यांनी सिनेमे कन्फॉर्म केलेत (आवाज मूळ फाइलींशी किंवा नव्या कटशी जुळवलाय) अशा साउंड असिस्टंटला किंवा पोस्ट सुपरवायझरला बोलवा. लॉक झालेलं चित्र पुन्हा कापलं गेलं असेल तरीही तेच. त्यासाठी कॉन्फॉर्मलायझर किंवा एडीलोडसारखी खास साधनं आहेत, आणि ती चालवायला ईडीएल (कटांची यादी) वाचता येणारा माणूस लागतो. त्याचे दोन दिवसांचे पैसे मिक्स स्टुडिओत रिकाम्या जाणाऱ्या एका शिफ्टपेक्षा कमीच पडतात, हे निर्मात्याला तुम्हीच सांगा.

एडिटरचा मूळ प्रोजेक्ट तुमच्याकडच्या नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह करू नका. त्याच्या जुन्या आवृत्तीत तो परत उघडला नाही, तर आत्तापर्यंत नसलेला दोष तुमच्या नावावर जमा.

आणि फाइली कॉपी होताना हार्डडिस्क टिकटिक वाजायला लागली, किंवा एकच फोल्डर दर वेळी त्याच ठिकाणी अडकला, तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका. रिपेअरचे प्रोग्रॅमही चालवू नका. डिस्क बंद करा, वायर काढा, दुसरी कॉपी कुणाकडे आहे ते विचारा. नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे, तशीच, न उघडता.